धूर आपल्या घरात, राख डोंगरावर

पुण्याच्या रविवार पेठेत काष्ठौषधींची जी जुनी दुकाने अजून तग धरून आहेत, त्यातल्या एका दुकानात मी गेली कित्येक वर्षे जात आलो आहे. काम फार मोठे नसते. कधी हिरडा, कधी ज्येष्ठमध, कधी वावडिंग आणि गणपती-गौरी जवळ आल्या की धुपासाठी पावशेर गुग्गुळ. पूर्वी दुकानदार काही न विचारता पोत्यात हात घालायचा आणि मूठभर खडे कागदावर ठेवायचा. पिवळसर-तांबूस, माती आणि सालीचे कण चिकटलेले, बोटाने दाबले तर किंचित मऊ लागणारे ते खडे. अलीकडे तोच दुकानदार आधी विचारतो, "काका, औषधाला पाहिजे की धुपाला?" धुपाला म्हटले की तो एका डब्यातला माल काढतो, औषधाला म्हटले की दुसऱ्या. दोन्हींच्या भावांत बरेच अंतर. हा माल येतो कुठून, असे एकदा विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "वरून येतो." वरून म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याकडून. त्या व्यापाऱ्याच्याही वर कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. आणि खरे सांगायचे तर, ते ठाऊक करून घ्यावे असे इतक्या वर्षांत मला कधी वाटलेही नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडीवर ओवा, वावडिंग आणि गुग्गुळ टाकून धुरी देणारी आजी आपल्याला आठवते. गुडघेदुखीवर वैद्यांनी दिलेल्या योगराज गुग्गुळाच्या काळ्या गोळ्या आठवतात. त्रिफळा गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ, गोक्षुरादि गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ ही नावे मराठी घरांत औषधांच्या कपाटातली रोजची नावे आहेत. पण गुग्गुळाचे झाड पाहिलेला माणूस दाखवा म्हटले, तर शंभरात एक सापडणार नाही. ज्या वस्तूला आपण परंपरा म्हणून डोक्यावर घेतो, ती जमिनीतून कशी उगवते आणि कोणाच्या हातून येते, याबद्दल इतके सुखरूप अज्ञान बाळगणे बरे नव्हे. कारण ते झाड आज मरते आहे. आणि त्याच्या मरणाशी रविवार पेठेतल्या त्या दोन डब्यांचा, म्हणजे तुमचा-माझा, थेट संबंध आहे.

कातळावरचे बिऱ्हाड

गुग्गुळ हे झाड म्हणण्यापेक्षा झुडूपच. उंची पुरुषभर, फार तर त्याहून थोडी जास्त. राजस्थानातली अरवलीची उघडी टेकाडे, गुजरातेत कच्छ आणि सौराष्ट्रातले खडकाळ उतार, मध्य प्रदेशात चंबळच्या घळी आणि सीमेपलीकडे सिंधमधले नगरपारकरचे डोंगर व बलुचिस्तान हे त्याचे गाव. या भागात पाऊस पडला तर पडला. माती म्हणावी तर खडकाच्या फटीत अडकलेली मूठभर. उन्हाळ्यात कातळ तापून तव्यासारखा होतो. अशा जागी इतर झाडे पाय ठेवायलाही तयार नसतात, तिथे गुग्गुळ पिढ्यान्‌पिढ्या बिऱ्हाड करून राहिला आहे.

त्याची राहणी पाहण्यासारखी आहे. वर्षाचा बराच काळ अंगावर पान नाही. पाऊस आला की तीन-तीन पानांचे छोटे झुबके फुटतात, चार दिवस मिरवतात आणि ओल सरली की गळून जातात. फांद्यांची टोके काट्यासारखी अणकुचीदार. खोडाची राखट साल कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते आणि तिच्या आत हिरवा रंग दिसतो. पाने नसताना अन्न करण्याचे काम ही हिरवी सालच करते. जखम झाली की सालीतून जो चीक पाझरतो, तो वाळून डिंकासारखा घट्ट होतो. तोच आपला गुग्गुळ. झाडाच्या दृष्टीने ते औषध नाही आणि धूपही नाही. जखमेवर धरलेली ती खपली आहे. कीड-बुरशीपासून आणि उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी झाडाने शोधलेला तो उपाय आहे. आपण ती खपली काढून नेतो, इतकेच.

शास्त्रज्ञांनी त्याला कॉमिफोरा वायटी असे नाव दिले. पहिल्या शब्दाचा अर्थ डिंक वाहणारा आणि दुसरा शब्द मद्रास इलाख्यात वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट वाइट या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ. ज्याला आपण बोळ म्हणतो आणि बायबलमधल्या कथांत ज्याचा उल्लेख येतो, तो गुग्गुळाचा सख्खा भाऊ. आपल्या सातपुड्यात आणि मेळघाटात वाढणारी सलई ही त्याच घराण्यातली चुलत बहीण. म्हणजे हे कुळ आपल्याला अगदी परके नाही.

या झुडपाचे एक वैशिष्ट्य मात्र त्याच्या मुळावर येणारे आहे. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, गुग्गुळाचे बी बहुधा फलनाशिवायच तयार होते. नर झाडे अत्यंत दुर्मिळ. मादी झाड नराची वाट न पाहता बी धरते आणि त्या बीतून येणारे रोप आईची हुबेहूब प्रत असते. उजाड डोंगरावर एकट्यादुकट्याने वाढणाऱ्या झाडाला ही सोय फार कामाची. पण तिची किंमतही आहे. सगळी लेकरे एकाच साच्यातली असली की नवे संकट आल्यावर त्याला तोंड देणारे वेगळे लेकरू निघण्याची शक्यता कमी होते. त्यात बी रुजण्याचे प्रमाण फारच थोडे. वाढ तर इतकी सावकाश की चीक काढण्याजोगे खोड व्हायला साधारण आठ ते दहा वर्षे लागतात. निसर्गाने गुग्गुळाला चिवट केले, पण घाई शिकवली नाही. आणि आपण त्याच्याकडे नेमकी घाईच मागतो आहोत.

ग्रंथातून प्रयोगशाळेत

गुग्गुळाची कीर्ती आजची नव्हे. अथर्ववेदात त्याच्या गंधाने रोग दूर पळतात असे म्हटले आहे. सुश्रुताने नवा गुग्गुळ पुष्टी देणारा आणि जुना गुग्गुळ चरबी खरवडून काढणारा, असा भेद केला. भावप्रकाशाने महिषाक्ष, महानील, कुमुद, पद्म आणि हिरण्य असे पाच प्रकार सांगितले आणि त्यातला सोनेरी रंगाचा माणसांसाठी उत्तम मानला. वैद्यांनी तो त्रिफळेच्या काढ्यात शुद्ध करावा, तूप लावून खलात कुटत राहावा. जितका कुटावा तितका गुण, अशी समजूत.

या जुन्या ज्ञानाला आधुनिक विज्ञानाच्या दारात नेऊन उभे केले ते एका तरुण संशोधिकेने. बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ साली डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून धागा धरला आणि गुग्गुळाचा रक्तातल्या चरबीवर काय परिणाम होतो, याचा ससे पाळून अभ्यास केला. पुढे त्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. त्यांच्या प्रबंधातून सुरू झालेला प्रवास लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत पोहोचला आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस गुग्गुलिपिड हे कोलेस्टेरॉल उतरवणारे देशी औषध बाजारात आले. आपल्या ग्रंथातली एक ओळ प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरली, याचा अभिमान तेव्हा अनेकांना वाटला आणि तो रास्तही होता.

मग जगाचे लक्ष गेले. २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गुग्गुळातला घटक यकृतातल्या कोणत्या ग्राही प्रथिनाला अडवतो, हे शोधून काढले. पाश्चात्त्य बाजारात गुग्गुळाच्या कॅप्सूल दिसू लागल्या. पण पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, अमेरिकेतच १०३ रुग्णांवर आठ आठवडे केलेल्या काटेकोर चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचे 'वाईट' कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी चढले होते आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले होते. भारतातल्या आधीच्या चाचण्यांनी मात्र उतार दाखवला होता. वाद अजून मिटलेला नाही. एवढे मात्र खरे की, रक्तातल्या चरबीवर आज खात्रीची औषधे आहेत, गुग्गुळाचा दुसऱ्या औषधांच्या कामात अडथळा येऊ शकतो आणि शेजाऱ्याने सांगितले म्हणून गोळ्या गिळणे शहाणपणाचे नाही.

मी हे मुद्दाम सांगतो आहे. गुग्गुळाच्या बाजूने बोलणारा माणूस गुग्गुळाच्या गुणांची अतिशयोक्ती करतो, असा आपल्याकडचा अनुभव. तसे करण्याची गरज नाही. उलट मला वाटते की, गुणांचा हा ढोल जितक्या जोराने वाजला, तितका झाडाचा घात अधिक झाला. प्रत्येक नव्या जाहिरातीने मागणी वाढवली. त्या मागणीसाठी एक रोप लावण्याची जबाबदारी मात्र कोणीच घेतली नाही.

एक रुग्ण, एक झुडूप

आता थोडा हिशेब करू. चांगल्या वाढलेल्या एका झुडपातून एका हंगामात साधारण दोनशे ते पाचशे ग्रॅम चीक मिळतो. आयुर्वेदात प्रौढ माणसाची गुग्गुळाची मात्रा दिवसाला दोन ते चार ग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एका रुग्णाने तीन महिने गुग्गुळ घेतला, तर दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम लागला. सोप्या भाषेत, एका रुग्णाचे तीन महिन्यांचे औषध म्हणजे एका झुडपाचे एका हंगामाचे सगळे उत्पन्न. त्यात शुद्धीकरणातली घट धरलेली नाही, आणि धुपाच्या डब्याचा हिशेब तर वेगळाच.

चीक काढण्याची जुनी रीत संयमाची होती. हिवाळ्यात, पुरेशा जाड खोडावर, साल जेमतेम छेदेल अशा उथळ चिरा द्यायच्या, झरलेला चीक काही दिवसांनी खरवडून घ्यायचा आणि मग झाडाला विसावा द्यायचा. असे केले तर झाड जगते. पण एवढ्यात मिळते ते थोडे. म्हणून लेप आला. घोड्याचे मूत्र, मोरचूद आणि गुग्गुळाचाच चीक यांचे मिश्रण चिरेत भरले की झाड जिवाच्या आकांताने पाझरू लागते. खोल चिरा, जागोजागी चिरा, बोटाएवढ्या फांदीवरही चिरा. एका हंगामात पुष्कळ चीक मिळतो आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत झुडूप वाळून काटकी होते. वाढवण्याचे शास्त्रीय मार्ग नव्हते असे नाही. एथिफॉन या द्रव्याचा मोजका वापर करून उत्पादन कितीतरी पटींनी वाढवता येते, असे भारतीय संशोधकांनी १९८९ मध्येच दाखवले होते. पण मोजका हा शब्द डोंगरावर पोहोचेपर्यंत पुसला जातो.

इथे आपण सगळे एक सोपा निष्कर्ष काढून मोकळे होतो. चीक गोळा करणारा लोभी, अडाणी, त्यानेच झाड मारले. वनखात्याच्या टिपणीपासून शहरातल्या निसर्गप्रेमींच्या गप्पांपर्यंत हाच सूर. मला हा न्याय चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा वाटतो.

त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. डोंगर त्याचा नाही. झाड त्याचे नाही. आज त्याने संयमाने दोन चिरा दिल्या आणि घरी गेला, तर उद्या दुसरा कोणी येऊन उरलेला चीक ओढून नेणार. पुढच्या हंगामात हे झुडूप उभे असेल आणि ते आपल्याच वाट्याला येईल, याची त्याला काडीचीही हमी नाही. हंगामाआधी व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल डोक्यावर. त्याला मिळणारा भाव आणि आपण पेठेत देतो तो भाव यांच्यात किती हात आहेत, ते आपल्याला दिसत नाही. अशा माणसाला आपण आठ-दहा वर्षे धीर धरण्याचा उपदेश करतो. ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही, त्याने पुढच्या दशकासाठी झाड राखावे, ही अपेक्षा नैतिक वाटली तरी माणुसकीची नाही. विहीर स्वतःची असली की माणूस गाळ काढतो. सार्वजनिक हौदावर तो आधी आपला हंडा भरून घेतो. यात कच्छचा माणूस आणि पुण्याचा माणूस असा फरक नसतो.

शिवाय झाडाला मारणारा चाकू एकटाच नाही. अरवलीत दगडखाणींनी टेकड्याच्या टेकड्या पोखरल्या. चरायला जागा न उरलेली शेळ्या-मेंढ्यांची खांडे कोवळे कोंब खुडतात. आपल्याकडे जिला वेडी बाभूळ म्हणतात आणि कच्छमध्ये गांडो बावळ, तिने मैलोन्‌मैल जमीन व्यापली. चाकू दिसतो म्हणून त्याच्यावर बोट ठेवणे सोपे, इतकेच.

बैल गेला आणि झोपा केला

आता सरकार आणि कायद्यांकडे वळू. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत गुग्गुळाची नोंद बराच काळ 'माहिती अपुरी' अशी होती. अथर्ववेदापासून ज्याचे नाव घेतो, त्या झाडाबद्दल आपली माहिती अपुरी! २०१५ मध्ये नोंद बदलली आणि ती थेट 'अतिसंकटग्रस्त' झाली. म्हणजे नामशेष होण्याच्या एक पायरी अलीकडे. झाडाच्या तीन पिढ्यांच्या काळात रानातली संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटल्याचा हा अंदाज. माहिती नाही म्हणून काही केले नाही, आणि माहिती झाली तेव्हा बैल गेला होता.

काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अजमेरजवळ मांगलियावास येथे गुग्गुळाचे सरकारी प्रक्षेत्र कित्येक वर्षांपासून आहे. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले. कच्छमध्ये आणि चंबळच्या घळींत लागवडीचे प्रयत्न झाले. गुग्गुळ बियांपेक्षा फांदीच्या छाटापासून चांगला लागतो, पावसाच्या तोंडावर छाट लावले तर जगतात, हे सगळे शास्त्र आपल्या हाताशी आहे. रोपाची अडचण नाही. अडचण आहे ती रोप आणि हक्क यांची गाठ न पडण्याची.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने एक चांगले तत्त्व सांगितले होते. जैविक संपत्तीपासून जो नफा मिळवतो, त्याने तिला राखणाऱ्यांना वाटा द्यावा. देशी औषध कंपन्यांनाही हे लागू आहे, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले. पण २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ग्रंथांत नोंदलेले पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना, तसेच लागवडीच्या औषधी वनस्पतींना, या वाटणीतून सूट मिळाली. वैद्यांना कागदपत्रांचा जाच नको आणि लागवडीला उत्तेजन मिळावे, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण गुग्गुळाच्या बाबतीत त्याचा अर्थ काय होतो पाहा. कृती सुश्रुताची आहे, म्हणून डोंगरावरच्या माणसाचे देणे लागत नाही! ज्ञान ग्रंथात नोंदलेले असेल, पण चीक ग्रंथातून झरत नाही. तो एका विशिष्ट उतारावरच्या एका विशिष्ट झुडपातून झरतो आणि कोणीतरी कडाक्याच्या थंडीत तो खरवडून आणतो. सुश्रुताचे नाव घेऊन त्या माणसाचा वाटा बुडवणे ही परंपरेची सेवा नव्हे.

दुसरा कायदा २००६ चा वनहक्क कायदा. डिंकासारख्या गौण वनोपजावर वनात राहणाऱ्यांची मालकी त्याने मान्य केली. पण जे आदिवासी नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगतात, त्यांनी तीन पिढ्यांच्या, म्हणजे ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा. कोरड्या मुलखात गुरांमागे आणि पावसामागे फिरणाऱ्यांनी तो आणायचा कुठून?

आणि बाजार? आपल्या रानातला गुग्गुळ आटला, तशी सीमेपलीकडून आयात होत राहिली. म्हणजे अरवली संपवून आपली भूक नगरपारकरकडे वळली. २०१९ मध्ये दोन्ही देशांतला व्यापार जवळपास थांबला आणि मे २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावर बंदी घातली. त्या निर्णयाची कारणे वेगळी आहेत आणि त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण एका गोष्टीचा विचार करायला हवा. ज्याला आपण आपले राष्ट्रीय वैद्यक म्हणतो, त्याच्या एका प्रमुख द्रव्यासाठी आपण शेजाऱ्याच्या उजाड होत चाललेल्या डोंगराचे मिंधे झालो. आता आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मग पोहऱ्यात येते ती भेसळ. सलईचा डिंक, बाभळीचा डिंक, आणि रंगगंधाने जवळ जाणारे बरेच काही. रविवार पेठेतले दोन डबे का झाले, याचे उत्तर इथे सापडते.

बंदी नको, सातबारा हवा

अशा वेळी बंदी घाला, अशी मागणी हटकून होते. चीक काढण्यावरच पूर्ण बंदी. ऐकायला छान. पण मागणी तशीच ठेवून पुरवठ्यावर घातलेली बंदी काय करते, हे आपण चंदनाच्या बाबतीत पाहिले आहे. उघडा बाजार चोरबाजार होतो, भाव चढतो आणि रात्रीच्या चाकूला संयम नसतो.

उपाय वेगळ्या दिशेने शोधावा लागेल आणि त्यासाठी महाराष्ट्राचे दोन अनुभव उपयोगी पडतील. पहिला गडचिरोलीचा. मेंढा-लेखा या गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या रानावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या वाहतूक परवान्यावर स्वतःचा बांबू विकला. त्यानंतर कितीतरी ग्रामसभांनी तेंदू आणि बांबूचा व्यवहार स्वतः हाती घेतला. सगळे आलबेल झाले असे नाही. पण रान आपले आहे असे कागदावर आल्यावर ते राखण्याला काही अर्थ येतो, हे दिसले. कच्छ आणि अरवलीतल्या गावांना गुग्गुळाच्या उतारांवर असा हक्क द्या. कोणत्या उतारावर यंदा चिरा द्यायच्या, कोणता विसाव्याला ठेवायचा, हे गावाला ठरवू द्या. लेप भरणाऱ्याचा हात मग वनरक्षकाआधी शेजारीच धरील.

दुसरा अनुभव १९९० च्या आपल्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेचा. बोर, आंबा, डाळिंब, सीताफळ कोरडवाहू शेतकऱ्याने लावावीत, पण झाड हाती लागेपर्यंत त्याने खावे काय? सरकारने लागवडीचा खर्च उचलला आणि पुढच्या वर्षांचे पैसे जगलेल्या झाडांच्या प्रमाणात दिले. खड्डे मोजून नव्हे, तर जगलेली झाडे मोजून पैसे, ही त्या योजनेतली शहाणी गोष्ट. गुग्गुळाला तर आठ-दहा वर्षांची वाट पाहायची आहे. शेतकऱ्याने एकट्याने ती पाहावी हे शक्य नाही. बांधावर, पडीक तुकड्यावर लावलेल्या प्रत्येक जिवंत झुडपासाठी दरवर्षी थोडी रक्कम मिळाली, तर तो ती पाहील. आणि हा पैसा औषध कंपन्यांकडून का घेऊ नये? जी कंपनी गुग्गुळ विकते, तिने जितका माल वापरला त्या प्रमाणात लागवडीला हातभार लावला पाहिजे. हा दानधर्म समजू नये. तो कच्च्या मालाच्या किमतीचाच आजवर बुडवलेला भाग आहे.

इथे एक सावधगिरी. लागवड म्हटले की उघडा डोंगर दिसेल तिथे खड्डे खणण्याचा आपल्याकडे उत्साह असतो. गुग्गुळ अरवलीत आणि कच्छमध्येच आधी वाचला पाहिजे. आपल्या माळरानांचे गवत उपटून तिथे गुग्गुळ लावण्याची काही गरज नाही. आपण सलई सांभाळावी. सातपुड्यातल्या सलईच्या खोडांवरही खोल घाव घालून डिंक काढला जातो आणि सांधेदुखीच्या गोळ्यांसाठी तिलाही मागणी वाढते आहे. गुग्गुळाचे जे झाले ते सलईचे होऊ न देणे, हे महाराष्ट्राच्या हातात आहे.

आणि आपण? खाणारे, लावणारे, धूर करणारे? आपल्यालाही काही करता येईल. योगराजाच्या डबीवर घटकद्रव्ये छापलेली असतात, वजन छापलेले असते, मुदत छापलेली असते. गुग्गुळ लागवडीचा की रानातला, कोणत्या जिल्ह्यातला, हे छापलेले नसते. ते छापा, असा आग्रह ग्राहक संघटनांनी आणि त्याहीपेक्षा वैद्यांनी धरावा. लागवडीच्या औषधी वनस्पतींना मूळ दाखला देण्याची तरतूद कायद्यातच आहे. मग तो दाखला डबीवर का दिसू नये? वैद्यांच्या संमेलनांत गुग्गुळाच्या कल्पांवर दिवसभर निबंध वाचले जातात. त्यातला अर्धा तास गुग्गुळाच्या झाडाला दिला, तर काय बिघडेल? धुपापुरते म्हणाल, तर देवाला अतिसंकटग्रस्त झाडाचाच धूर लागतो असे कोणत्याही शास्त्रात वाचल्याचे मला आठवत नाही.

पुढे काही विद्वान विचारतील की, २००३ च्या चाचणीत जे औषध उतरले नाही, त्याच्यासाठी हा खटाटोप कशाला? त्यांना एवढेच सांगायचे की, झाड कोलेस्टेरॉल उतरवते म्हणून जगवायचे आणि उतरवत नाही म्हणून मरू द्यायचे, हा झाडाशी करायचा करार नव्हे. गुग्गुळ त्या कातळावर माती धरून ठेवतो, त्याच्या सावलीला गवत उगवते, त्याच्या लाल फळांवर पाखरे जगतात. आपण गोळ्या घेतो म्हणून तो तिथे आलेला नाही. आपण मात्र त्याच्यामुळे काही शतके निरोगी राहिल्याचा दावा करतो. मग ऋण कोणावर?

मागच्या महिन्यात पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, "औषधाला की धुपाला?" मी म्हटले, "कुठला आहे ते आधी सांगा." तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "काका, असं आजवर कोणी विचारलं नाही. विचारून सांगतो." त्याने वरच्या व्यापाऱ्याला फोन केला की नाही, मला माहीत नाही. मी त्या दिवशी गुग्गुळ न घेताच परत आलो. घरी गौरींपुढे चंदनाची कांडी उगाळून ठेवली आणि राळेचा धूप केला. पूजेत काही उणे पडल्याचे जाणवले नाही.

पण एकट्याने विचारून भागणार नाही. तो प्रश्न पेठेतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाने, दवाखान्यातल्या प्रत्येक रुग्णाने, खलात बत्ता घालणाऱ्या प्रत्येक वैद्याने विचारायला हवा. वरून म्हणजे कुठून? कोणाच्या डोंगरावरून? त्याला काय मिळाले? आणि ज्या झुडपातून हा चीक आला, ते या घडीला उभे आहे काय?